‘चांदोबा, भागलास का?’ : ‘भागणे’ या क्रियापदाचा नेमका अर्थ काय?

निंबोणीखाली

आम्ही गेली अकरा वर्षे इंदूरला राहतो. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, अशी आमच्या पाच वर्षांच्या मुलीची वाटणी झालेली आहे. परवा रात्री गच्चीवर तिला वरणभात भरवताना मी सवयीने ‘चांदोबा चांदोबा भागलास का, निंबोणीच्या झाडामागे लपलास का’ म्हणायला सुरुवात केली, तर तिने घास गालात धरून मला विचारले, ‘पण तो कोणाला घाबरून भागला?’ भागणे म्हणजे दमणे, असे मी तिला सांगितले. त्यावर तिचा दुसरा प्रश्न तयारच होता : ‘मग दमलास का, असं का नाही म्हणत?’

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. माझे यजमान मूळचे नागपूरचे. त्यांना विचारावे, तर त्यांनी अगदी शांतपणे सांगितले की तेही आजवर चांदोबा पळून गेला असेच समजत आले आहेत, कारण पळाल्याशिवाय कोणी झाडामागे लपेल कशाला? मला हा युक्तिवाद खोडताही येईना. म्हणून येथे विचारते. ‘भागणे’ आणि ‘दमणे’ यांत खरोखर काही फरक आहे का, हा शब्द आला कोठून, आणि आजही कोणी तो एकटा, म्हणजे ‘दमूनभागून’मधून सोडवून, वापरते का?

कोशकीटक

आपल्या यजमानांचा अर्थ चुकला असला तरी त्यांचा कान चुकलेला नाही. मराठी ‘भागणे’ आणि हिंदी ‘भागना’ ही सख्खी भावंडे आहेत. दोघांचे मूळ संस्कृत ‘भग्न’, म्हणजे मोडलेला. ‘भग्न’चे प्राकृतात ‘भग्ग’ झाले, पुढे जोडाक्षर सुटले तेव्हा आधीचा स्वर लांबला, आणि ‘भाग’ उरले. ही वाट पुष्कळ शब्दांनी तुडवलेली आहे. ‘अग्नि’चे ‘अग्गि’ होऊन ‘आग’ झाली, आणि ‘लग्न’ म्हणजे चिकटलेला, त्याचे ‘लग्ग’ होऊन आपले ‘लागणे’ झाले. ‘नग्न’चे ‘नग्ग’ होऊन पुढे काय झाले, हे सांगण्याची गरज नसावी.

मोडण्याच्या या एका अर्थातून दोन भाषांनी दोन वाटा धरल्या. सैन्याची फळी मोडली की शिपाई पळत सुटतात, म्हणून हिंदीत ‘भागना’ म्हणजे पळणे झाले. आपण मात्र मोडण्याचा अर्थ रणांगणावरून उचलून अंगावर घेतला, आणि कष्टाने ज्याचे अंग मोडले तो भागला. मोल्सवर्थच्या कोशात (माझ्याजवळ १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीचे पुनर्मुद्रण आहे) ‘भागणे’चा थकण्याचा अर्थ नोंदवलेला आहे. त्या काळी तो कोणाला समजावून सांगावा लागत नसावा.

मूळचा अर्थ पुसला गेला, तरी कल्पना मात्र गेली नाही, हे मला विशेष वाटते. आपण आज ‘अंग मोडून आलंय’ म्हणतो, तेव्हा ‘भागलो’ म्हणणारा आपला पूर्वज जे म्हणत होता तेच नव्या क्रियापदाने पुन्हा म्हणत असतो.

सरळरेषा

व्युत्पत्ती रंजक आहे, परंतु आपण शब्दाचा कीस काढत आहोत असे मला वाटते. दमणे, भागणे, थकणे आणि शिणणे हे समानार्थी शब्द आहेत. शाळेत आपण ते एका ओळीत पाठ केलेले आहेत. बडबडगीतात ‘लपलास’शी ‘भागलास’ जुळले म्हणून ते घेतले गेले, ‘दमलास’ही तितकेच जुळले असते. त्यामागे याहून खोल काही असण्याचे कारण नाही.

कुळवकरी

सरळरेषा यांना नम्रपणे सांगतो की बैलासमोर हे शब्द समानार्थी राहत नाहीत.

आमची शेती कऱ्हाडच्या खालच्या अंगाला. माझ्या लहानपणी दावणीला दोन बैल होते आणि तांबडे फुटायच्या आत औत जुंपलेले असे. उन्हे वर आली की बैलांच्या तोंडाला फेस येई, बरगड्या भात्यासारख्या हलू लागत. आजोबा तेव्हा म्हणत, ‘बैल दमलेत, जरा उभं करा.’ बांधावरच्या आंब्याखाली घटकाभर उभे केले, पाणी दाखवले, की तेच बैल पुन्हा औत ओढायला लागत. हे दमणे. ते श्वासाचे असते आणि श्वास खाली बसला की संपते.

भागणे हे निराळे. पेरणीच्या आधी सलग आठ-दहा दिवस मशागत चालली की एखाद्या सकाळी बैल धापा टाकत नसे, तोंडाला फेस नसे, दिसायला सगळे ठीक असे, पण जू उचलून पुढे धरले की तो मान देत नसे. शिकलेला बैल जू दिसताच आपणहून मान खाली घालतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यातला फरक कळेल. पुढ्यात टाकलेला कडबाही तो नुसता हुंगून ठेवी. आजोबा त्याच्या खांद्यावरून हात फिरवून म्हणत, ‘बैल भागलाय, आज औत सोडा.’ दमलेल्या बैलासाठी औत उभे करायचे आणि भागलेल्या बैलासाठी ते सोडायचे, असा आमच्याकडे सरळ हिशेब होता. आजोबांच्या तोंडून या दोन शब्दांची अदलाबदल झालेली मी कधी ऐकली नाही, आणि भग्नबिग्न त्यांना ठाऊक नव्हते.

सरळरेषा

कुळवकरी, शब्द मागे घेतो. शहरात वाढलेल्याला ‘औत उभे करणे’ आणि ‘औत सोडणे’ यांतला फरकच माहीत नसतो, तेथे त्यावर टेकलेल्या शब्दांचा कोठून कळणार.

तरी एक शंका उरते. ‘दमणे’ श्वासाचे, हे ‘दम’ या फारसी शब्दामुळे वाटते का? ‘दम लागला’, ‘दम धर’, ‘दमा’ हे सगळे फारसी श्वासातून आले आहेत. पण संस्कृतात ‘दम्’ धातू आहे, त्याचा अर्थ काबूत आणणे, आणि जुंपण्याजोग्या झालेल्या गोऱ्ह्याला संस्कृतात ‘दम्य’ म्हणतात. म्हणजे ‘दमणे’ही बैलाकडेच जाते की काय?

कोशकीटक

जाते, असे मानायला जागा आहे. क्रियापद संस्कृत ‘दम्’चे आणि त्याचा आजचा रंग फारसी ‘दम’चा, असे दोघांचे पाणी एकाच ओढ्यात मिसळलेले दिसते. ‘जिना चढून दमलो’ म्हणताना आपल्या मनात छातीचा भाताच असतो, हे मात्र खरे.

‘थकणे’ची जात आणखी वेगळी आहे. त्याच्या मुळाशी थांबणे आहे. म्हणून भाडे थकते, हप्ते थकतात, वीजबिलाची थकबाकी होते, आणि नवल वाटले की माणूस थक्क होतो, म्हणजे जागच्या जागी थांबतो. बंगालीत ‘थाका’ म्हणजे तर राहणे. त्यामुळे ‘आजोबा आता थकले’ या वाक्यात केवळ आजच्या श्रमांची गोष्ट नसते. त्यांचे फिरणे, जाणे-येणे, कामकाज हळूहळू थांबत आले आहे, असे आपण त्यातून सांगत असतो. ‘आजोबा दमले’ म्हटले तर ते नुकतेच बाजारातून पिशवी घेऊन आलेले असतात.

गणितमास्तर

मी तीस वर्षे मुलांना भागाकार शिकवला, त्यामुळे या शब्दाशी माझे जुने नाते आहे. दर वर्षी एखादा चिरंजीव ‘सर, भागून भागून भागलो’ हा विनोद आपण प्रथमच केला अशा थाटात करतो आणि मी दर वर्षी हसतो.

गंमत अशी की मराठीत आज ‘भागणे’ तीन आहेत आणि व्याकरण त्यांना एकमेकांत मिसळू देत नाही. ‘मी बाराला तीनने भागले’ हे सकर्मक आहे. ते ‘भाग’ म्हणजे वाटा या शब्दावरून आले आहे आणि त्याचा मोडण्याशी संबंध नाही. ‘मी भागलो’ हे अकर्मक, आणि तेथे कर्ता स्वतःच भागतो. तिसरे ‘तहान भागली’, ‘एवढ्या पैशांत भागेल का’ हे, ज्यात माणूस कर्ता नसतोच. तहान, भूक किंवा गरज भागते. चांदोबाला आपण ‘भागलास’ असे म्हणतो, ‘भागलेस’ असे म्हणत नाही. त्यामुळे त्या माउलीने त्याला भागाकार खचितच विचारलेला नाही.

प्रयोजक रूपात तर हा शब्द आपले अंग चोरून घेतो. मुले आईला दमवतात, प्रवास माणसाला थकवतो, बारीक अक्षर डोळ्यांना शिणवते, परंतु ‘मुलांनी मला आज फार भागवले’ असे कोणी म्हणत नाही. ‘भागवणे’ म्हटले की ते तडक तिसऱ्या घरात जाते, म्हणजे गरज भागवणे, आहे त्यात भागवून घेणे. आपण कोणाला दमवू शकतो, पण भागवू शकत नाही. भागायचे ते ज्याचे त्याने.

तहान भागते म्हणजे तहानेचा जोर मोडतो, असे मानले तर तेही ‘भग्न’च्याच घरी जाईल असे मला वाटते. त्यावर कोशकीटक यांनी प्रकाश टाकावा.

कोशकीटक

आपले म्हणणे मला पटते. उपास आपण ‘मोडतो’ आणि तहान ‘भागवतो’, या दोन्हींत क्रियापदाचे पोट एकच आहे.

वऱ्हाडी ठेचा

निंबोणीखाली यांच्या यजमानांच्या बाजूने दोन शब्द. आमच्याकडे नागपूरपासून अमरावतीपर्यंत ‘तो तिथून भागला’ म्हणजे पळालाच. रोजच्या बोलण्यात दुसरा अर्थ येतच नाही. हिंदीच्या शेजारामुळे म्हणा, जुन्या मध्य प्रांताच्या कारभारामुळे म्हणा, शब्द आमच्या घरात हिंदीच्या दाराने शिरला आणि आमचाच झाला. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होते, हे पुणेकर मंडळी विसरतात.

पण आता विचार करता माझी आजी रात्री माजघरात भिंतीला पाठ टेकून बसली की ‘थकली भागली वं बाई’ म्हणायची, हे आठवले. तेथे मी ‘भागली’चा अर्थ पळाली असा कधीच लावला नाही. एकच शब्द मी पन्नास वर्षे दोन अर्थांनी ऐकत होतो आणि दोन अर्थ आहेत हे मला आज कळले.

निंबोणीखाली

ठेचा यांचे उदाहरण वाचून एक गोष्ट ध्यानात आली. थकलाभागला, दमलाभागला, शिणलाभागला, या तिन्हींत पहिला शब्द बदलतो आणि ‘भागला’ मात्र नेहमी दुसरा येतो. ‘भागलादमला’ असे मी कधी ऐकले नाही. जोडशब्दांत मागे उभा राहणारा शब्द बरेचदा अर्थ हरवलेला असतो, उदाहरणार्थ ‘भाजीबिजी’तले ‘बिजी’. ‘भागला’चेही तसेच झाले आहे का?

कुळवकरी

‘बिजी’ला अर्थ कधी नव्हताच, ‘भागला’ला तो आहे. शिवाय क्रमही बरोबर आहे. माणूस आधी दमतो, मग भागतो. उलट होत नाही.

जुन्या बायकांच्या तोंडी ‘शीणभाग’ हे नामही होते. पाहुणा दारात आला की गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या पुढे ठेवून ‘बसा, शीणभाग जाऊ द्या’ असे म्हणत. त्यातल्या ‘भाग’चा वाटणीशी संबंध नाही, ते भागणेच आहे.

मांडवीकाठ

हा शब्द एकटा वापरणारे कोणी आहे का, असे मूळ प्रश्नात विचारले आहे. आम्ही आहोत. गोव्यात कोकणीत ‘हांव भागलां’ म्हणजे मी दमलो आहे. घरातली मुलेसुद्धा खेळून आल्यावर असेच म्हणतात. आमच्याकडे तो जोडशब्दाच्या मागे लपलेला नाही, आणि चांदोबा पळून गेला अशी शंका तर आमच्या घरी कोणाला येणारच नाही. मराठीच्या शाळेत मी हे गाणे प्रथम ऐकले, तेव्हा संपूर्ण गाण्यात मला एकच शब्द घरचा वाटला होता, तो हाच.

रात्रपाळी

मी एका जिल्हा ठिकाणच्या रुग्णालयात परिचारिका आहे. थकव्याची तक्रार हे आमचे रोजचे काम असल्यामुळे लिहिण्याचे धाडस करते.

रुग्ण ‘थकवा’ हा शब्द फार कमी वापरतात. तो आमच्या केसपेपरवरचा शब्द आहे. ते म्हणतात, ‘अंगात त्राण नाही’, ‘हातपाय गळून गेल्यासारखे वाटतात’, ‘मरगळ आहे’, ‘अंग आंबून गेलंय’. हे सगळे एक नव्हे. ज्याचे अंग आंबले आहे त्याने बहुधा काल-परवा सवयीपेक्षा जास्त काम केलेले असते आणि त्याला आम्ही काळजी करू नका असे सांगतो. ‘काही न करता गळून जातंय’ असे कोणी म्हटले की डोळ्यांच्या पापण्या उलटून पाहायच्या, हिमोग्लोबिन लिहायचे, हे पहिल्या वर्षीच शिकवलेले असते. श्रमाशिवाय आलेल्या या गळण्याला कोणी ‘भागणे’ म्हटल्याचे मला आठवत नाही. भागायला आधी राबावे लागते. मला वाटते, ‘गलितगात्र’पासून ‘भागणे’ला वेगळे करणारी खूण हीच आहे. माणूस भीतीने, शोकाने, तापाने किंवा म्हातारपणानेही गलितगात्र होतो. नुसती वाईट बातमी ऐकून कोणी भागत नाही.

‘मेटाकुटीला येणे’ हा वाक्प्रचारही पूर्वी शरीराच्या दमणुकीसाठी होता असे ऐकते, परंतु आता तो वर्तमानपत्रांनी पळवला आहे. महागाईने जनता मेटाकुटीला येते, खड्ड्यांनी वाहनचालक मेटाकुटीला येतात. बारा तासांची पाळी करून घरी जाताना आम्ही कोणी ‘मेटाकुटीला आले’ असे म्हणत नाही. आम्ही ‘आज पिट्ट्या पडला’ असे म्हणतो, आणि मुंबईकडच्या मुली ‘बॅटरी डाऊन’ म्हणतात.

सरळरेषा

रात्रपाळी यांचा निकष उत्तम आहे, पण मग माझ्यासारख्याचे काय? मी दिवसाचे दहा तास पडद्यासमोर बसतो. दम लागत नाही, कारण मी हललेलो नसतो. अंग मोडत नाही, कारण त्याला काही उचलावे लागलेले नसते. तरी संध्याकाळी सातला कोणी साधे ‘चहा घेणार का’ विचारले तरी उत्तर सुचत नाही. बैलाच्या शब्दांत मी कोण?

कुळवकरी

शिणलेला. डोळे शिणतात, डोके शिणते, मन शिणते. रात्रभर दळणारी बाई भागते आणि रात्रभर हिशेब लिहिणारा कारकून शिणतो.

आकाशनिरीक्षक

चर्चा बैलांवर छान रंगली आहे, पण चांदोबाला कोणीच पाहिले नाही. तो त्या वेळी खरोखर भागलेला होता का, हे तपासता येते.

लहान मुलाच्या जेवणाची वेळ म्हणजे सात-आठ. त्या वेळी चंद्र दिसतो याचा अर्थ बहुधा शुक्ल पक्ष चालू आहे. वद्य पक्षात तो दररोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवत जातो. संकष्टीला उपास करणाऱ्यांना हे सांगायला नको, कारण नऊच्या सुमारास ते गॅलरीत उभे असतातच. शुद्ध चतुर्थीच्या आसपास मात्र सूर्य मावळतो तेव्हाच चंद्र पश्चिमेला खाली आलेला असतो आणि साधारण तीन तासांत मावळतो. मुलाचे जेवण होईपर्यंत तो परसातल्या झाडाच्या शेंड्यावरून फांद्यांत, आणि फांद्यांतून बुंध्याकडे उतरत जातो. दिवसभर तो आकाशात होता, फक्त उन्हामुळे कोणाला दिसला नव्हता. दिवसाचे काम उरकून खाली टेकायला निघालेल्या अशा चंद्राला ‘दमलास का’ विचारणे मला तरी अपुरे वाटते. धापा टाकणारा चंद्र डोळ्यांसमोर येत नाही. आणि पळणारा तर मुळीच येत नाही, इतका तो सावकाश जातो.

(निंबोणी म्हणजे लिंबू की कडुनिंब, हा वाद कृपया येथे सुरू करू नये. दोन्ही झाडांमागे चंद्र मावताना मी पाहिलेला आहे.)

वऱ्हाडी ठेचा

आमच्या पक्षाचा पराभव आम्ही मान्य करतो. फळी मोडल्यामुळे येथून भागतो, हिंदी अर्थाने.

निंबोणीखाली

सर्वांचे मनापासून आभार. मुलीला बैल, भग्न आणि शुद्ध चतुर्थी इतके सगळे सांगणे शक्य नव्हते. मी तिला एवढेच सांगितले की थोडे धावले की माणूस दमतो आणि दिवसभर काम केले की भागतो. ते तिला पटले की नाही, हे तिने कळू दिले नाही.

काल तिची शाळेची सहल मांडवगडला गेली होती. संध्याकाळी बसमधून उतरवून घरी आणली, तर बूट न काढताच ती दारातल्या पायपुसण्यावर बसली, दप्तर पाठीवर तसेच, आणि भिंतीला डोके टेकून म्हणाली, ‘आई, मी भागले.’

यजमान आतून म्हणाले, ‘कोणाला घाबरून?’